झिंक ऑक्साइडसाठी कडुनिंबाचा पाला घ्यावा की डाळिंबाची साल?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी वनस्पतीच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे, म्हणजे सांडपाण्यातला रंग उन्हात घालवणारे, नॅनोकण करायचे ठरलं की पहिली नजर जाते कडुनिंबाकडे. झाड आवारातच असतं, पाला फुकट आणि त्यावरचे शोधनिबंध ढीगभर. डाळिंबाची साल त्या मानाने मागे पडते. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

रंग घालवण्यात सरस कोण, यावर फार डोकं आपटू नका. झिंक नायट्रेट घालून आटवलेला लगदा शेवटी 400 ते 450 अंशांना भट्टीत जातोच, तिथे पाला काय नि साल काय, बरंचसं जळून जातं. कणांच्या आकारात अर्काचा ठसा उरतो, नाही असं नाही. पण उन्हात ठेवलेला मिथिलीन ब्लू (चाचणीसाठी पाण्यात घालतात तो निळा रंग) माझ्याकडे दोन्ही भुकट्यांनी साधारण सारख्याच वेळात उतरला. डाळिंबाची जरा चलाख वाटली, पण त्या दिवशी ऊनही कडक होतं. रंग तोडायला झिंक ऑक्साइडला लागतात अतिनील किरण, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम 4-5 टक्के. आभाळ भरून आलं की दोघंही सारखेच आळशी.

मला खरा वैताग दिला तो पाल्याच्या लहरीपणाने. चैत्रातली तांबूस पालवी उकळली तर अर्क फिकट, पावसाळ्यानंतरचा जून पाला उकळला तर गडद. कृती तीच, पाण्याचं माप तेच, भुकटी मात्र एकदा पांढरी, एकदा राखाडी. गाईड म्हणतात, "हाच बॅच पुन्हा करून दाखव," आणि तोवर फांदीवर तो पाला राहिलेला नसतो. अर्क फ्रिजमध्ये ठेवावा, तर थोड्याच दिवसांत आंबूस वास येतो आणि वर बुरशीची साय धरते.

सालीचं तसं नाही. सावलीत कडकडीत वाळवून मिक्सरमधून काढली आणि हवाबंद बरणीत भरली की एकाच खेपेची भुकटी प्रकल्प संपेपर्यंत पुरते. लागेल तेवढी घ्यायची, ताजा अर्क काढायचा.

तिचेही नखरे आहेतच. टॅनिन भरपूर, त्यामुळे झिंकच्या द्रावणात अर्क पडताच गढूळ होतो आणि फिल्टर पेपर तुंबतो. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) नसेल तर मात्र पालाच बरा. लोखंडी विळीवर साल चिरू नका, काळी पडते. भट्टीत घाई केली तर भुकटी तपकिरी राहते, पाण्याला स्वतःचाच रंग देते आणि 664 नॅनोमीटरच्या रीडिंगवर, म्हणजे ज्या प्रकाशात मिथिलीन ब्लू किती उरला ते मोजतात त्यावर, भरवसा ठेवता येत नाही.

काहीही निवडा, बीकर उन्हात नेण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळा आणि भुकटी न घातलेला एक बीकर शेजारी ठेवा, कारण मिथिलीन ब्लू उन्हात आपणहूनही थोडा विटतो. इचलकरंजीकडच्या प्रोसेसचं (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं) खरं सांडपाणी घेणार असाल तर अपेक्षा बेताचीच ठेवा. त्यात मीठ असतं, रंगही चिवट. पाणी आम्लधर्मी असेल तर झिंक ऑक्साइडच विरघळायला लागतं, तेव्हा पीएच आधी बघा.

एकदाच प्रयोग करून दाखवायचा असेल, तर कडुनिंबाला माझी ना नाही. वर्षभर तोच प्रयोग फिरून फिरून करायचा असेल, तर निदान मी तरी सालच घेईन. ज्यूसवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर मोसंबीची सालं मिसळून देतो.