माजी सैनिक संघटनांची शिष्यवृत्ती-मदत: कोकणात ती कुठे उपयोगी पडते, कुठे कमी पडते

रत्नागिरी-सिंधुदुर्गात माजी सैनिक संघटना शहीद जवानांच्या मुलांचे शिक्षणाचे अर्ज भरून देतात. पैसे संघटनेचे नसतात. ते केंद्रीय सैनिक बोर्ड, सैन्य किंवा राज्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून येतात, आणि कागद तपासतं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. त्यामुळे या सेवेची कसोटी एकच: फाईल पहिल्याच फेरीत पुढे जाते की परत येते?

संघटनेचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे नावं जुळवणं. मुलाचं नाव आणि जन्मतारीख वडिलांच्या सेवा नोंदीत 'पार्ट टू ऑर्डर'ने, म्हणजे कुटुंबाची माहिती नोंदवणाऱ्या लष्करी आदेशाने, चढलेली असते. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि या नोंदीत इंग्रजी स्पेलिंग एकच हवं. सावंत एका कागदावर 'डब्ल्यू'ने आणि दुसऱ्यावर 'व्ही'ने लिहिलं असेल, की अर्ज अडलाच. वडील गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाची तर नोंदच राहून गेलेली असते. दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते; मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे. वीरपत्नीचा अर्ज, जन्मदाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र पाठवल्यावरही यात महिने जातात. चांगली संघटना हे काम मूल नववी-दहावीत असतानाच काढते. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्या संघटनेच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, मृत्यूची नोंद कशी झाली आहे हे संघटना विचारते का? 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे युद्धात किंवा लष्करी कारवाईत आलेला मृत्यू, आणि सेवेत असताना आजाराने किंवा अपघाताने आलेला मृत्यू यांचे हक्क वेगळे. पहिल्या प्रकारात मुलांना पहिल्या पदवीपर्यंत शिक्षण सवलत आहे. फीवर 2017 मध्ये घातलेली महिना 10,000 रुपयांची मर्यादा 2018 मध्ये उठली, पण ती अजून आहे असं सांगणारे भेटतात. तसं कुणी सांगितलं तर आदेश दाखवायला सांगा. शाळा-कॉलेज मान्यताप्राप्त हवं, मूळ पावत्या जपून ठेवायच्या. खासगी क्लासची फी यात बसत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. इथे सर्वाधिक अर्ज वाया जातात ते अभ्यासक्रमामुळे. साधं बीए, बीकॉम चालत नाही, व्यावसायिक पदवीच लागते. पात्रता परीक्षेत, म्हणजे ज्या बारावी किंवा डिप्लोमावर प्रवेश मिळतो त्यात, 60 टक्के हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. दापोलीला कृषी किंवा रत्नागिरीला मत्स्यविज्ञान घेणाऱ्यांनी प्रवेशाआधीच या शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रम यादीत आपला कोर्स बघून घ्यावा. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं लागतं. ही जोडणी नसली तर मंजूर रक्कमही अडकते. नूतनीकरण दरवर्षी, किमान 50 टक्क्यांवर. ते आपोआप होत नाही, आणि नेमकं याचं स्मरण करून देण्यात बहुतेक संघटना कमी पडतात.

गणपतीत चाकरमानी घरी येतात. मुंबई-पुण्यात शिकणारी मुलंही तेव्हाच गावी असतात, म्हणून सह्या आणि मूळ कागद याच दिवसांत गोळा करणारी संघटना खरी शहाणी. कॉलेजचा बोनाफाईड मात्र ठरलेल्या नमुन्यातच आणायला तिने आधी कळवायला हवं. कॉलेजच्या लेटरहेडवरचा साधा दाखला परत येतो, आणि मग गुहागर-मंडणगडच्या वाडीवरून पावसात रत्नागिरीला एसटीने पुन्हा हेलपाटा.

ठळक उणीव म्हणजे सगळं ज्ञान एकाच माणसाकडे असणं, बहुधा एखाद्या निवृत्त क्लार्क हवालदाराकडे. ते आजारी पडले की टेबल बंद. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला वीरमाता-वीरपत्नींचा सत्कार होतो, तो व्हायलाच हवा. पण शाल-श्रीफळावर जितकी धावपळ होते, तितकी दुसऱ्या एकाला ऑनलाइन अर्जाचं पोर्टल शिकवण्यावर झाली तर एकाही लेकराचं वर्ष अडणार नाही.

पहिल्या भेटीला न्यायचे कागद: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यूविषयीचं रेकॉर्ड ऑफिसचं पत्र, वीरपत्नीचं ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला, शेवटची गुणपत्रिका, दोघांची आधार कार्डं, पासबुक. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, मूळ प्रती सोबत. मूळ कागद तिथे ठेवून येऊ नका. कुणी मागितलेच तर पोच घ्या.