नादारी कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम : मार्गदर्शक उत्तम, वेळापत्रक कोर्टाशी फटकून

बेळगावच्या न्यायालयात दिवाणी दावे आणि धनादेश न वटल्याची प्रकरणे चालवणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता, म्हणजे कर्ज फेडू न शकणाऱ्यांबाबतचा कायदा, बराच काळ परगावची गोष्ट वाटत होती. कर्नाटकात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या कंपनीविरुद्धचा अर्ज बेंगळुरूच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जातो आणि त्यावरचे अपील चेन्नईच्या खंडपीठापुढे, त्यामुळे इथल्या बाररूममध्ये या कायद्याचा विषय क्वचितच निघतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्रीचालक (धातूच्या ओतकामाचा कारखानदार) पुण्याच्या कंपनीकडे अडकलेली कास्टिंगची उधारी घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मात्र आपले अज्ञान झाकता येईना, आणि मी वकिलांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवले. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे. शुल्क १८,००० रुपये होते आणि त्यात ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने व अनुभवी वकिलाशी प्रत्येकी ४५ मिनिटांच्या ४ भेटी मिळाल्या.

व्याख्याने नीटनेटकी आहेत, पण कलमे वाचून दाखवण्यापलीकडे ती फारशी जात नाहीत. कलम ७ खाली वित्तीय धनको (कर्ज देणारा), कलम ९ खाली व्यवहारातील धनको (माल वा सेवेचे पैसे येणे असलेला) आणि कलम १० खाली खुद्द कंपनी अर्ज करते, ही विभागणी कोणीही पुस्तकातून शिकू शकतो. शुल्काचे पैसे वसूल होतात ते भेटींमध्ये.

पहिल्याच भेटीत मी उधारीची कागदपत्रे पुढे केली, तेव्हा मार्गदर्शक बाईंनी सगळ्यात आधी रक्कम विचारली. ती ६२ लाख होती. "मग हा मार्ग आपल्याला बंद आहे, वकीलसाहेब," असे त्या शांतपणे म्हणाल्या, कारण संहितेखाली अर्ज करण्यासाठी लागणाऱ्या किमान थकबाकीची मर्यादा पूर्वी १ लाख रुपये होती, ती २४ मार्च २०२० रोजी १ कोटी करण्यात आली. कलम ८ ची मागणी नोटीस पाठवून १० दिवस वाट पाहण्याचा माझा बेत तिथेच संपला. त्याऐवजी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मधील कलम १८ खाली सुलभीकरण परिषदेकडे (लघुउद्योगांच्या थकलेल्या रकमांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) जाण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. तिथे रकमेची अशी अट नाही, विलंबित रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळते, आणि खरेदीदार भारतात कुठेही असला तरी पुरवठादाराच्या ठिकाणच्या परिषदेला अधिकार असतो. बेळगावच्या पुरवठादाराला याचे मोल अधिक आहे, कारण आपला बराच माल कोल्हापूर, पुण्याकडे जातो आणि खरेदीदार कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरात असेल, तर नादारीचा अर्ज शेजारच्या जिल्ह्यात नव्हे, थेट मुंबईच्या खंडपीठापुढे करावा लागतो.

तिसरी भेट माझ्या रोजच्या कामाशी भिडली. कंपनीवर संहितेच्या कलम १४ ची स्थगिती (तिच्याविरुद्धच्या दाव्यांना मनाई) आली की तिच्याविरुद्धचे कलम १३८ चे, म्हणजे धनादेश न वटल्याचे, खटले थांबतात, पण धनादेशावर सही करणाऱ्या आणि कारभारास जबाबदार असलेल्या संचालकांविरुद्धचे चालू राहू शकतात, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय त्यांनी माझ्याच प्रलंबित प्रकरणांवर लावून दाखवला. बाई मराठी असल्याने मला शंकाही मराठीतच विचारता आल्या. इंग्रजीतले निकाल आणि कन्नडमधली कागदपत्रे रोज हाताळणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत अडखळण्याची मुभा मिळाली, की गोष्ट लवकर डोक्यात शिरते.

आता भेटी ठरवण्याच्या यंत्रणेबद्दल. ती कार्यालयात ठरलेल्या तासांत बसणाऱ्यांसाठी बनवलेली असावी. सोमवार ते शुक्रवार सकाळी ११ ते सायंकाळी ६ एवढ्याच वेळा दिसतात, आणि त्या वेळेत आम्ही वकील कोर्टाच्या बोर्डावरचा (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतला) आपला क्रमांक कधी पुकारला जातो याची वाट पाहत उभे असतो. २४ तास आधी वेळ बदलली नाही तर भेट वापरली गेली असे धरतात. उद्याचा युक्तिवाद किती वेळ चालेल हे आज कोणता वकील सांगू शकेल? माझी दुसरी भेट अशीच गेली : साक्षीदाराची उलटतपासणी लांबली, मी पावणेसहाला बाहेर आलो, आणि मोबाइलवर 'अनुपस्थित' अशी नोंद दिसली. तक्रार केल्यावर नियमाकडे बोट दाखवणारे उत्तर आले. रविवारी सकाळचे दोन तास ठेवले असते, तरी निम्मी अडचण दूर झाली असती.

दुसरी उणीव मला अधिक खटकली. संपूर्ण अभ्यासक्रम कंपन्यांभोवती फिरतो. बेळगावातल्या खासबाग, वडगावचे यंत्रमागधारक किंवा निपाणीतील तंबाखूचे व्यापारी यांपैकी बहुतेकांचा धंदा मालकीचा नाहीतर भागीदारीचा असतो. संहितेचा व्यक्ती व भागीदारी संस्थांविषयीचा तिसरा भाग कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला आहे. बाकीच्यांसाठी जिल्हा न्यायालयात चालणारा १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच उरतो, आणि त्यावर या अभ्यासक्रमात एक वाक्यही नाही. तालुक्याच्या वकिलाकडे जो अशील खरोखर येतो, तोच इथे गैरहजर आहे. 'दिवाळे काढणे' हा शब्द उच्चारतानाही खाली बघणाऱ्या त्या माणसाला कोणता दरवाजा ठोठवायचा, हे मला पुन्हा जुन्या पुस्तकांतूनच शोधावे लागले.

ज्यांच्याकडे खाजगी मर्यादित कंपन्यांची किंवा बँकांची कामे आहेत, त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा, मात्र भेटी न्यायालयाच्या सुट्टीत एकापाठोपाठ ठरवून टाकाव्यात. मी चौथी भेट दिवाळीच्या सुट्टीत घेतली आणि तेवढीच एक निवांत झाली. केवळ मालकी धंद्याचे अशील असलेल्यांनी १८,००० रुपये तूर्त खिशातच ठेवावेत.