जुना फ्लॅट विकताना: स्वतः विकावा, चार एजंटांना सांगावं की एकालाच काम द्यावं?

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागातला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे, असं धरू या. अपेक्षित किंमत ९० लाख. घरात बोलणं निघालं की प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो. एक म्हणतो, दलाली कशाला द्यायची, पोर्टलवर टाकू. दुसरा म्हणतो, भागातल्या सगळ्या एजंटांना सांगून ठेवा, कोणीतरी पार्टी आणेलच. तिसऱ्याला आधी किचन नवं करून घ्यायचं असतं.

माझं मत आधीच सांगते. कागद पूर्ण असतील आणि तुम्ही त्याच शहरात राहत असाल, तर सुरुवातीचा महिना-दीड महिना स्वतः प्रयत्न करावा. तसं नसेल, तर एकाच एजंटाला ठरावीक मुदतीसाठी लेखी काम द्यावं. चार-पाच जणांना सांगून ठेवणं सगळ्यात सोपं वाटतं आणि बहुतेक लोक तेच करतात, पण भाव तिथेच सर्वात जास्त पडतो.

दलाली किती, आणि कशाची

पुण्या-मुंबईत रीसेलची दलाली साधारण एक ते दोन टक्के असते आणि ती बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. ९० लाखांवर एक टक्का म्हणजे ९०,०००. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के धरून १,०६,२००. दोन टक्क्यांनी हाच आकडा २,१२,४०० होतो. रक्कम मोठी आहे, पण तिच्याकडे पाहताना दोन गोष्टी विसरू नयेत. पावती असलेली दलाली विक्रीचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून (घर विकून झालेल्या, करपात्र नफ्यातून) वजा करता येते. आणि घाईत किंवा चुकीच्या भावाने विकलं, तर ९० चे ८६ व्हायला वेळ लागत नाही. तो फरक दलालीपेक्षा कितीतरी मोठा.

"तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचं माझं" असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. करार खरेदीदाराने दिलेल्या पूर्ण किमतीचा झाला, तर वरच्या पैशांवरचा कर तुमच्या माथी येतो. करार कमी किमतीचा करून वरचे पैसे रोखीने फिरवले, तर ते बेकायदा आहे. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

स्वतः विकणं

यात दलाली वाचते, पण त्या बदल्यात भाव ठरवणं, फोन घेणं आणि घासाघीस ही तिन्ही कामं तुमच्याकडे येतात. पहिलं काम अनेकांना वाटतं तेवढं अवघड नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या इमारतीतल्या आणि आजूबाजूच्या व्यवहारांचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येतो. शेजारच्या काकांनी "आमचा एक कोटीला गेला" म्हणून सांगितलेला आकडा आणि नोंदलेला आकडा यांत बराच फरक सापडतो. भाव ठरवताना नोंदलेलाच धरावा.

फोनचा त्रास मात्र खरा आहे. पोर्टलवर जाहिरात पडली की पहिल्या दिवशी येणारे बरेच फोन एजंटांचेच असतात. तरीही जुन्या सोसायट्यांत हा मार्ग चालतो, कारण खरेदीदार पुष्कळदा तिथलाच असतो. भाडेकरूला घर आवडलेलं असतं, वरच्या मजल्यावरच्यांना मुलासाठी जवळच घर हवं असतं, कोणाची बहीण चौकापलीकडे राहते. म्हणून पोर्टलच्या आधी सोसायटीच्या आणि लगतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, फलकावर कागद लावा. घासाघीस तुमच्या स्वभावात नसेल, तर "फायनल" आकडा घरात आधीच ठरवून ठेवा आणि बोलायला एकच माणूस नेमा. नवरा एक सांगतो आणि बायको दुसरं, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

चार-पाच एजंटांना सांगणं

जास्त लोक म्हणजे जास्त गिऱ्हाईक, असा यामागचा हिशोब. प्रत्यक्षात घडतं असं: एक एजंट ९२ ची जाहिरात करतो, दुसरा ८८ ची, तिसरा जुनेच फोटो लावून "अर्जंट सेल" लिहितो. खरेदीदार तिन्ही जाहिराती पाहतो आणि त्याला वाटतं, घरात काहीतरी गडबड आहे. मग बोलणी ८८ पासून खाली सुरू होतात. काम दुसऱ्याच्या हातून होण्याची शक्यता असल्यामुळे कुणीही मनापासून मेहनत घेत नाही. चांगले फोटो, फाईल वाचणं, बँकेचं आधी विचारून ठेवणं, हे सगळं राहून जातं. शेवटी एकाच पार्टीला दोघांनी घर दाखवलेलं निघतं आणि दोघेही दलाली मागतात. हा मार्ग घ्यायचाच असेल, तर कोणी कुणाला कोणत्या तारखेला घर दाखवलं याची वही ठेवा आणि सगळ्यांना एकच आकडा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा.

एकच एजंट, लेखी मुदतीसह

साठ ते नव्वद दिवसांची मुदत पुरते. कागदावर टक्के, जीएसटी त्यात की वेगळा, जाहिरातीतला भाव आणि पैसे कधी द्यायचे, हे सगळं यावं. अर्धी दलाली साठेखताला (विक्रीचा करार होताना) आणि उरलेली खरेदीखताला (मालकी बदलणाऱ्या अंतिम दस्ताला), ही वाटणी मला रास्त वाटते. विसारपावतीलाच, म्हणजे सुरुवातीची टोकन रक्कम मिळताच, सगळी मागणाऱ्याला पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या धावपळीत रस उरत नाही. तुमच्या नात्यातल्या किंवा सोसायटीतल्या माणसाने घर घेतलं तर दलाली नाही, ही ओळही लिहून घ्या. एजंटाला फक्त झेरॉक्स द्यायच्या, मूळ कागद द्यायचे नाहीत.

महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी बंधनकारक आहे, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. जुन्या, रेराबाहेरच्या इमारतीच्या व्यवहाराला ही अट लागत नाही. तरी नोंदणी असलेला माणूस निवडावा, असं मी म्हणेन. त्याचा नंबर महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि परवाना गमावण्याची भीती असलेला माणूस जपून वागतो.

घरावर खर्च किती

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. विकण्यापूर्वी चार-पाच लाखांचं मॉड्युलर किचन करण्यात अर्थ नाही, कारण नवा मालक ते आपल्या आवडीने बदलतोच. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्तीचा खर्च भांडवली नफ्यातून सहसा वजाही होत नाही. पण ओल आणि गळती मात्र आधी थांबवा. बाथरूमच्या भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला की खरेदीदार मनातल्या मनात दोन लाख कमी करतो, प्रत्यक्ष वॉटरप्रूफिंगला त्याहून बरंच कमी लागलं असतं तरी. डाग रंगाने झाकू नका. पावसाळ्यात तो पुन्हा वर येतो, तेव्हा व्यवहार अर्धवट असेल तर भांडण ठरलेलं.

त्यापलीकडे फिकट रंगाचा एक हात, चालणारे नळ, बंद पडलेल्या ट्यूबऐवजी नव्या, आणि माळ्यावरचं व गॅलरीतलं सामान बाहेर. एवढ्याने खोली मोठी दिसते. घरात भाडेकरू असेल तर घर दाखवण्याच्या वेळा त्याच्याशी बोलून ठरवा. वैतागलेला भाडेकरू घराबद्दल चांगलं बोलत नाही.

या भागांत एक गोष्ट सगळा हिशोब उलटा करते, ती म्हणजे पुनर्विकास. सोसायटीत त्याची बोलणी चालू असतील, तर खरेदीदार तुमच्या फरशीचे पैसे देत नाही. तो कार्पेट क्षेत्रफळाचे आणि पुढे मिळणाऱ्या वाढीव जागेचे देतो. अशा घरात रंगसुद्धा नको. त्याऐवजी सर्वसाधारण सभेच्या ठरावांच्या प्रती मिळवा, बिल्डर ठरला आहे का, किती क्षेत्र कबूल केलं आहे, ते कागदावर दाखवा. "होणार आहे हो लवकरच" या बोलण्याला कोणी पैसे मोजत नाही, सहीच्या ठरावाला मोजतात.

कागद: तिन्ही मार्गांना सारखेच

आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) विक्रीला सोसायटीची परवानगी लागत नाही, सूचना दिली की पुरतं, पण खरेदीदाराची बँक ना-हरकत पत्र मागतेच. फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका हद्दीत २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. कर्ज फिटलेलं असेल, तर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

सर्वात जास्त व्यवहार अडतात ते वारशावर. वडील गेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलं, आणि सगळ्यांना वाटलं की घर आईचं झालं. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. भावंडांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं किंवा सगळ्यांच्या सह्या लागतात. ही गोष्ट जाहिरातीच्या आधी मिटवा, कारण पार्टी ठरल्यावर एखाद्या भावाला अचानक वेगळा आकडा सुचतो.

मालक परदेशात असेल, तर माझ्या दृष्टीने एकच एजंट आणि नात्यातल्या विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र हाच मार्ग आहे. एजंटाच्या नावे कुलमुखत्यारपत्र कधीच करू नका. करही वेगळा आहे. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरासाठी निवासी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराकडून १ टक्का कर (टीडीएस) कापला जातो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, दर १२.५ टक्के अधिक अधिभार व उपकर असा आहे, आणि खरेदीदार तो बहुतेक वेळा पूर्ण किमतीवर कापतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्याला काही आठवडे जातात. त्यासाठी लागणारी कागदपत्रं तुमच्या सीएकडे जाहिरात देण्याच्या आधीच पोचलेली असू द्या.