ट्रॅक्टर आणि लोडरचे टायर स्वस्तातल्या ऑफ-रोड ट्रकवर: कुठे चालतात, कुठे नडतात

वापरलेला ट्रॅक्टर टायर नव्या मड-टेरेन (चिखलासाठी बनवलेल्या ट्रकच्या) टायरपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि उंचीही भरपूर देतो. पण शेतीचे सगळे टायर सारखे नसतात, म्हणून घेण्याआधी साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) कोड वाचा. आर-१ हा शेतातला नेहमीचा टायर. आर-१डब्ल्यू ओल्या जमिनीसाठी, त्याचे लग (टायरवरचे रबराचे उंच पट्टे) साधारण २० ते २५ टक्के जास्त खोल. आर-२ भात-उसाच्या शेतातला, खोली आर-१च्या जवळपास दुप्पट. आर-४ लोडर आणि बॅकहोचा, लग रुंद आणि बुटके, खोली आर-१च्या सुमारे ७० टक्के. आर-३ हिरवळीचा, तो सोडून द्या.

चिखलात आर-१ला तोड नाही. दोन लगांमधली जागा खांद्याकडे मोकळी असते, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या लगाला ताजी जमीन मिळते. अट एकच, टायर योग्य दिशेने बसवायचा. लगाचं मधलं टोक जमिनीला आधी टेकलं पाहिजे, म्हणजे ट्रकच्या मागून पाहिल्यावर लगांचा बाण वर टोक केलेला दिसतो. उलटा बसला की चिखल मधोमध दाबला जातो आणि टायर गुळगुळीत होऊन फिरत राहतो. रुतल्यावर रिव्हर्समध्ये पकड कमी मिळते तीही याचमुळे.

खडकावर मात्र आर-१ नको. टेकतात ते फक्त लगांचे माथे, तेही वाकतात, आणि पातळ साइडवॉल धारदार दगडाने फाटते. तिथे स्किड-स्टीअर (छोट्या) लोडरचे १०-१६.५ (रुंदी १०, रिम १६.५ इंच; उंची सुमारे ३०.५ इंच) किंवा १२-१६.५ (सुमारे ३३ इंच) जास्त टिकतात. अडचण त्यांच्या ताठपणाची. ८-१० प्लायचा (आतल्या धाग्यांच्या थरांचा) टायर जड यंत्रासाठी बनलेला, हलक्या ट्रकखाली १० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढ्या कमी हवेलाही तो दबत नाही. ग्रूव्हरने (रबर कापायच्या गरम पात्याच्या हत्याराने) प्रत्येक लग आडवा कापला तर थोडा लवचिक होतो. कापताना तळाशी पुरेसं रबर राखा, प्लायचा धागा दिसला की टायर बाद.

रिमबाबत हयगय नको. १६.५ इंची रिमचा बीड (टायरची रिमवर बसणारी तारेची कड) बसण्याचा उतार १५ अंशांचा, १६ इंचीचा ५ अंशांचा. १६ इंची टायर जोर लावून १६.५च्या रिमवर चढतो, पण हवा भरताना बीड तुटून जीव जाऊ शकतो. शिवाय १६.५च्या साध्या रिमला बीड अडवणारा उंचवटा नसतो, त्यामुळे हवा कमी केली की टायर निसटतो. बीडलॉक (बीड रिमला आवळून धरणारी कडी) असेल तरच हवा खाली आणा.

ट्यूब असलेल्या टायरचं दुखणं वेगळं. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. टायर आणि रिमवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढा. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर सरकतोय. हवा वाढवा.

गियरिंगचा हिशोब आधीच करा. २९ इंचाच्या जागी ९.५-२४, म्हणजे सुमारे ४१ इंच आला की ४.१०चा एक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीमागे ड्राइव्हशाफ्टच्या फेऱ्या) २.९० असल्यासारखा वागतो. पहिल्या गियरची ताकद जाते, क्लच जळतो, ब्रेक कमी पडतात. स्पीडोमीटर ४० दाखवतो तेव्हा गाडी ५६च्या वर असते. लो-रेंज (ताकद वाढवणारा जादा मंद गियर) नसलेल्या ट्रकला हा टायर लावण्यात अर्थ नाही. एक्सलच्या जोडांवर ताण वाढतो तो वेगळाच.

रस्त्यावर हे टायर चालवू नका. साइडवॉलवरच्या वेगाच्या चिन्हांत ए६ म्हणजे ३० किमी, ए८ म्हणजे ४०, बी म्हणजे ५० किमी प्रतितास, ही ठरलेली मर्यादा आहे. जाड लगांतली उष्णता बाहेर पडत नाही, आतले प्लाय सुटतात. ओल्या डांबरावर पकडही फसवी. ट्रक मैदानापर्यंत ट्रेलरवर न्यायचा असेल तर हा सौदा उत्तम, रोज चालवायचा असेल तर पैसे साठवून मड-टेरेनच घ्या.

जुना टायर घेताना आत हात घालून बघा. वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल तर पांढरट खार दिसतो आणि तो रिम खातो. पाण्याने धुऊन, वाळवून मगच चढवा. बीड बसवताना साइडवॉलवर लिहिलेली हवेच्या दाबाची मर्यादा ओलांडू नका, शेतीच्या बऱ्याच टायरांवर ती ३५ पीएसआय असते. तेवढ्यावर बसला नाही तर हवा पूर्ण सोडा, बीडला साबणाचं पाणी लावा आणि टायर पुन्हा मधोमध आणा. लांब नळीने, बाजूला उभं राहूनच हवा भरा.