२८० रुपयांची घटका

गणपती पेठेत गेले होते कुकरचं रबर आणायला. भांड्यांच्या दुकानात काउंटरवर गाळण्या, लायटर आणि सांडशा यांच्या गर्दीत एक पांढरा गोल टायमर पडला होता. तळहातात मावेल एवढा, ० ते ६० आकडे छापलेला, मागे लोहचुंबक. उचलून फिरवला तर टिकटिक सुरू झाली. "याला सेल कुठे घालायचा?" विचारलं. "सेल नाही लागत वहिनी. पिळायचा आणि सोडायचा."

किंमत २८० रुपये. त्यांच्याकडे चार होते. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसे मी चारही कानाला लावून बघितले. एकाची घंटा दमल्यासारखी वाजत होती, एकाची टिकटिक मध्येच लंगडत होती. तिसरा घेतला. दुकानदार म्हणाले, "गॅरंटी नाही हां याला." रबर घ्यायचं मात्र विसरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. २८० रुपयांच्या वस्तूबद्दल एवढं लिहायचं कारण माझ्या कामात आहे. मी गेली चौदा वर्षं घरून छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. दोन हळदीवाले, दोन मेडिकल, एक बेकरी, एक ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. जेवणाचं टेबल हेच ऑफिस. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, २० ला ३बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं एकूण रिटर्न. या तारखांच्या मधल्या सगळ्या वेळात व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो येत राहतात. चुरगळलेले, आडवे, आणि नेमक्या रकमेवर अंगठा आलेले. काम खूप होतं अशी माझी तक्रार कधीच नव्हती. ते धड सुरूही व्हायचं नाही आणि धड संपायचंही नाही, हा खरा त्रास. बिल बघायला फोन उचलायचा की मावसबहिणीच्या ग्रुपवर कोणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो आलेले असायचे. ते बघून होईपर्यंत दूध उतू. रात्री दहाला लॅपटॉप उघडाच, आणि दिवसभर बसून केलं काय, याचा पत्ता नाही.

यावर फोनमधली ॲप वापरून झाली. एकदोन नाही, चार. फोनपासून लांब राहायला फोनच हातात घ्यायचा, हा प्रकार म्हणजे गोड सोडायला हलवायाच्या दुकानात जाऊन बसण्यासारखा. दहा दिवसांत सगळी काढून टाकली.

टायमर लावून काम करायची पद्धत काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर समोर ठेवला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पद्धतीला पडलं. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. बस, एवढंच. मला हे मुलीकडून कळलं, ती बारावीला आहे आणि तिच्या क्लासमधली निम्मी मुलं असाच अभ्यास करतात.

मी त्यात एकच भर घातली. प्रत्येक फेरी झाली की कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने एक उभी रेघ. दूध किती घेतलं, पेपरवाला कधी आला नाही, गॅस कधी लावला, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी माझ्या रेघा. चांगला दिवस असला तर नऊ-दहा होतात. पहिल्या आठवड्यात तीन-चारच व्हायच्या, आणि ते बघून मला धक्काच बसला होता. मी समजत होते की मी रोज आठ तास काम करते. रेघा सांगत होत्या, दोन तासही नाही.

सासूबाईंना पहिले दोन दिवस टिकटिक खुपली. तिसऱ्या दिवशी शेजारी बसून शेंगा सोलता सोलता विचारलं, "किती वेळाचा लावतेस गं?" म्हटलं पंचवीस मिनिटं. "म्हणजे घटकाच की!" आणि मग त्यांनी मोठ्या बहिणीच्या लग्नातली गोष्ट सांगितली. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यावर तरंगत सोडलेली तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. पाणी हळूहळू आत चढायचं, वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मुहूर्त चुकू नये म्हणून एक म्हातारे भटजी फक्त त्या वाटीकडे बघत बसलेले, आणि या सहा-सात वर्षांच्या पोरी त्यांना हसवायला बघत होत्या. दिवसाच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटिकापात्र शाळेत वाचलेलं होतं, 'घटका भरली' तर आपण रोज म्हणतो, पण ती भरते म्हणजे पाण्याने भरते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात टायमरला टायमर कोणी म्हणत नाही. "आई, घटका कुठे ठेवलीस?" असं मुलगी ओरडते.

खरी मजा मात्र त्या ५ मिनिटांत आहे, आणि तिथेच मी सुरुवातीला चुकले. घंटा वाजली की उठून भांडी लावायची, कणीक मळायची, वॉशिंग मशीन लावायचं. वाटायचं, वेळ सत्कारणी लागतोय. संध्याकाळपर्यंत पाठ मोडायची, कारण दोन्हीकडे कामच चाललेलं. महिन्याभराने ठरवलं की या पाच मिनिटांत उपयोगाचं काहीही करायचं नाही. फोनही नाही. पाणी प्यायचं आणि गॅलरीत उभं राहायचं. आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. वर्षानुवर्षं तिची पानं तोडली, पण तिच्याकडे बघितलं असं नाही. श्रावणात तिच्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं, पुसायला गेले तर ते हललं. अळी होती. पुढचे कितीतरी दिवस माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या अळीवर गेल्या. ती हिरवीगार झाली, बोटाएवढी झाली, निम्मं झाड फस्त केलं, फोडणीला कढीपत्ता विकत आणावा लागला. एक दिवस दिसेनाशी झाली, तर कुंडीमागच्या काडीला कोश. फुलपाखरू बाहेर पडताना मात्र मी नव्हते. मी तेव्हा बेकरीच्या मैद्याची बिलं चढवत होते. नुसतं रिकामं टरफल बघायला मिळालं.

आता वस्तूबद्दल, कारण दोष बरेच आहेत.

पहिला. सरळ ५ वर फिरवला तर घंटा नीट वाजत नाही, कधी वाजतच नाही. आतली स्प्रिंग पुरेशी पिळली जात नाही. आधी पार ६० पर्यंत न्यायचा आणि मग मागे ५ वर आणायचा. हे दुकानदाराने सांगितलं नाही, खोक्यावरही लिहिलेलं नाही. मला कळलं ते एका घंटेची वाट बघत पाऊण तास गॅलरीत गेल्यावर. दुसरा. मोबाइलशी ताडून बघितलं, २५ लावले तर सव्वीस-सत्तावीस होतात. मला फरक पडत नाही, पण अंडी उकडायला घेणाऱ्याला पडेल. तिसरा, चुंबक कच्चा. तिसऱ्या आठवड्यात फ्रिजवरून पडला, कडेला चीर गेली. आता तो टेबलावरच असतो. चौथा, आकडे. हळदीच्या, तेलाच्या हाताने फिरवून फिरवून १० आणि १५ जवळजवळ पुसले गेलेत. मुलीने नेलपॉलिशने ठिपके दिलेत. आणि टिकटिक. दिवसा ती मला सोबतीसारखी वाटते, पण रात्री त्याच खोलीत कोणी झोपलं असेल तर चालणार नाही. मुलीने शेवटी स्वतःसाठी सेलवर चालणारा, आवाज न करणारा घेतला.

एक उपयोग मला अपेक्षित नव्हता. ऑक्टोबरात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतर दोन वेगवेगळे थेंब, दिवसातून चारदा, आणि पहिल्या औषधानंतर पाच मिनिटं थांबून मगच दुसरं. आधी आम्ही "झाली का गं पाच मिनिटं?" करत बसायचो. आता त्या स्वतः पिळतात (आधी साठपर्यंत नेऊन, शिकवलंय), डोळे मिटून पडतात आणि घंटा झाली की हाक मारतात. फोनमध्ये हे त्यांना जमलं नसतं.

फोनचं म्हणाल तर तो पूर्ण दूर ठेवता येत नाही. रिटर्न भरताना ओटीपी येतो, तोही व्यापाऱ्याच्या फोनवर, मग त्याला फोन, मग त्याचा फोन. म्हणून ओटीपीची कामं मी एका वेगळ्या फेरीत एकत्र करते, साधारण दुपारी चारला, आणि बाकीच्या वेळी फोन आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर. सगळ्यांना सांगून ठेवलंय, लगेच उचलला नाही तर अर्ध्या तासात मीच करेन. मला भीती होती की लोक चिडतील. कोणीही चिडलं नाही. एक हळदीवाले काका तर आता फोन केला की आधी विचारतात, "मॅडम, घंटी झाली का तुमची?"

हे सगळं रोज जमतं असं नाही. २० तारखेच्या आदल्या दिवशी टायमर ड्रॉवरमध्ये असतो आणि मी पूर्वीसारखीच डोकं धरून बसलेली असते. मार्चअखेरीला तर त्याची आठवणही येत नाही. आणि २५ मिनिटं प्रत्येक कामाला पुरत नाहीत. बँकेच्या पासबुकाशी खातं जुळवताना ८३ रुपयांचा फरक सापडत आला की घंटा वाजते, आणि उठलं की धागा गेला. त्या कामाला मी सरळ ४५ लावते. मूळ पद्धतीत फेरी मोडायची नाही, मध्ये थांबलात तर ती धरायचीच नाही असा नियम आहे. माझ्या घरी सिलिंडरवाला बेल वाजवतो. मी फेरी धरते.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शेवटच्या घंटेचा. संध्याकाळी सहाला एक फेरी लावते, तिच्यात नवीन काही घ्यायचं नाही. उद्याची तीन कामं कागदावर लिहायची, बिलं फायलीत, टेबल पुसायचं. घंटा झाली की लॅपटॉप बंद आणि त्याच टेबलावर ताटं. पूर्वी जेवतानाही शेजारी बिलांचा गठ्ठा असायचा, वरणाचे डाग पडलेली बिलं मी ऑडिटला दिलेली आहेत. नवऱ्याचं म्हणणं असं की टायमरने तुझं काम कमी झालं नाही, तुझी कुरकुर कमी झाली. हे त्याने कौतुकाने म्हटलं की कसं, मी अजून विचारलेलं नाही.

मी पाचात साडेतीन तारे देते. दीड कापला तो न सांगितलेल्या साठच्या भानगडीसाठी आणि चुंबकासाठी. घ्यायचा असेल तर दुकानात जाऊनच घ्या, ऑनलाइन नको, कारण कानाला लावून बघता येत नाही. सपाट बुडाचा घ्या. परवा त्याच दुकानात गेले तर आता अंड्याच्या आकाराचे आलेत, पिवळे, दिसायला गोड, ३२० रुपये. काउंटरवर ठेवून पिळला तर टिकटिक करत गडगडत गेला आणि सांडशांच्या डब्यात पडला.