किंचाळणारा पडदा की हळूहळू बिघडणारा ठेका?

‘फ्रायडे नाइट फंकिन’ हा २०२० साली आलेला, ठेक्यावर बाणांच्या कळा दाबण्याचा खेळ मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असा, असल्यामुळे चाहत्यांनी त्याचे असंख्य मॉड, म्हणजे बदललेल्या आवृत्त्या, रचले. पायरेटेड कॉपी चालवणाऱ्याला खेळच शिक्षा करतो, ही भयकल्पना त्यांपैकी काहींत दिसते. असा मॉड करू पाहणाऱ्या नागपूरच्या हौशी मंडळींपुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट सोपी आहे: गाणे मध्येच थांबवायचे, लाल पडद्यावर इशारा झळकवायचा आणि कर्कश किंकाळी ऐकवायची. ती एकदाच दचकवते.

दुसरी वाट म्हणजे खेळ हळूहळू बिघडवत न्यायचा; ती व्हिडिओ गेमच्या प्रत्यक्ष इतिहासातून येते. १९९५ च्या ‘अर्थबाउंड’मध्ये नकली प्रत ओळखली गेली, तर शत्रूंची संख्या वाढत असे आणि तरीही खेळाडू चिकाटीने अखेरच्या लढतीपर्यंत पोहोचलाच, तर खेळ तिथे गोठून त्याची साठवलेली सारी प्रगती पुसली जात असे. २००० च्या ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’मध्ये तर एक परी आधी रीतसर बजावून सांगे आणि बिघाड नंतर सुरू होत. ताल हाच ज्या खेळाचा प्राण आहे, त्यात बाण किंचित उशिरा येऊ लागले की कान आणि बोट यांचाच एकमेकांवरचा विश्वास उडतो. म्हणून मला हीच वाट सरस वाटते. अर्थात मेहनत बरीच आहे, आणि मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात तापलेला लॅपटॉप स्वतःच अडखळू लागला, तर दोष भुताचा की पंख्याचा, हे खेळाडूला कळणे कठीण.