सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी .२२ एलआर: पिस्तूल अडकत असेल तर आधी हा डबा उघडा

सीसीआय कंपनीच्या .२२ लाँग रायफल (एलआर) या छोट्या काडतुसांचा, म्हणजे राउंडचा, पन्नासांचा डबा. चाळीस ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, गोल टोकाची शिशाची गोळी. कंपनीने दिलेला वेग १०७० फूट प्रति सेकंद, आपल्या हिशेबात ३२६ मीटर. माल अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या लुइस्टनचा. कागदावर यात मिरवण्यासारखं काहीच नाही आणि मॅच ग्रेड, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा, म्हणून कोणी हा डबा घेतही नाही. तरीही .२२ सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचा राउंड आपोआप भरणारं, पिस्तूल वापरणाऱ्या प्रत्येक नेमबाजाच्या किटमध्ये याचा एक डबा राखीव असावा. त्याचं खरं काम पिस्तुलाचं दुखणं ओळखणं हे आहे आणि त्या कामात हा माल फार चोख आहे.

पिस्तूल अडकलं की वरळीच्या रेंजवर काय किंवा उपनगरातल्या एखाद्या क्लबात काय, पहिला आळ अम्युनिशनवर येतो. "राउंड हलका आहे" एवढं म्हटलं की चौकशी संपते. हलका राउंड खरंच अडकतो, त्यात खोटं काही नाही. पण बहुतेक वेळा पिस्तुलात आधीपासून साठलेली कुचराई तो फक्त उघडी पाडतो. ही कुचराई किती आहे ते मोजायचं तर एक ठरलेलं माप हवं, आणि ते माप म्हणून हा डबा.

मुळात घडतं काय ते पाहू. .२२ ची जवळपास सगळी स्पोर्ट पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात. बोल्टला, म्हणजे राउंड मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची रिकॉइल स्प्रिंग, एवढ्यावरच तो चेंबर, म्हणजे राउंड बसतो ती बॅरलची मागची जागा, बंद ठेवतो. गोळी पुढे जाताना जेवढा धक्का मागे मिळतो तेवढ्यात बोल्टने मागे जायचं, पुंगळी ओढून बाहेर फेकायची, हॅमर चढवायचा आणि मॅगझिनमधल्या पुढच्या राउंडच्या मागे पोहोचायचं. हा धक्का गोळीचं वजन गुणिले वेग यावर ठरतो. सीसीआयचाच क्वाएट-२२ घ्या. गोळी तीच ४० ग्रेनची, वेग मात्र ७१० फूट. दारूच्या वायूचा हिस्सा बाजूला ठेवला तर धक्का सुमारे ३४ टक्क्यांनी कमी. बोल्टला मिळणारी ऊर्जा मात्र धक्क्याच्या वर्गाने घटते, म्हणजे उरते फक्त ४४ टक्के. स्प्रिंग दाबायला ऊर्जाच लागते, त्यामुळे वेगात तिसरा हिस्सा गेला की बोल्टची निम्म्याहून जास्त ताकद जाते. क्वाएट वापरताना सेमी-ऑटोचा बोल्ट हाताने ओढावा लागू शकतो असं कंपनी स्वतःच सांगते, तेव्हा तो अडकला तर तक्रार करण्यात अर्थ नाही. गोळीचं वजन मात्र लोक विसरतात. वेग तोच राहिला आणि गोळी ३० ग्रेनची असली, तरी धक्का पाव हिश्श्याने कमी होतोच.

टार्गेट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटी डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेली असतात, म्हणून १०७० फुटांचा हा राउंड माप म्हणून बरोबर बसतो. त्याच कंपनीचा १२३५ फुटांचा मिनी-मॅग घालून "बघा, आता चालतंय" म्हणणं ही फसवी तपासणी आहे. जास्त धक्क्याने घाण, कोरडेपणा, ढिला हात, सगळंच झाकलं जातं आणि बोल्ट मागच्या बाजूला आपटत राहतो. 

तपासणीची पद्धत अशी. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, चेंबर ब्रॉन्झच्या ब्रशने साफ करा, बोल्टच्या दोन्ही रुळांवर हलक्या तेलाचा एकेक थेंब द्या. मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ असे आकडे टाका. हे फार लोक करत नाहीत आणि मग महिनाभर एकाच खराब मॅगझिनचा शाप सगळ्या पिस्तुलाला भोगावा लागतो. प्रत्येक मॅगझिनमध्ये आधी एकच राउंड घालून फायर करा. शेवटच्या राउंडनंतर बोल्ट मागे थांबण्याची सोय असेल आणि तो थांबला नाही, तर एकतर तो पुरता मागे जात नाही किंवा मॅगझिनचा फॉलोअर (राउंड वर ढकलणारी पट्टी) बोल्ट अडवणारा कॅच उचलत नाही. दुसऱ्या मॅगझिनने तेच झालं तर पहिली शक्यता धरा. नंतर दोन राउंड, मग पाच. पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. सगळ्या एकाच बाजूला, सारख्या अंतरावर पडल्या तर ठीक. एक पायाशी आणि दुसरी शेजारच्या लेनमध्ये, असं असेल तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) किंवा इजेक्टर (ती बाहेर फेकणारा दांडा) बघायला हवा.

आता अडकण्याचे प्रकार. इथे घाई नको, कारण दोन उलट दुखणी वरवर सारखीच दिसतात. रिकामी पुंगळी ती बाहेर पडते त्या खिडकीत उभी अडकली, किंवा पुंगळी गेली पण पुढचा राउंड आलाच नाही आणि ट्रिगर दाबल्यावर नुसता "टक्" आवाज आला, तर बोल्ट मागे कमी जातोय. कारणं क्रमाने: कोरडे किंवा चिकट रूळ, चेंबरमधली घाण, ढिला मनगट, जास्त कडक स्प्रिंग, आणि सगळ्यांत शेवटी हलका राउंड. याउलट पुढचा राउंड चेंबरमध्ये शिरला पण बोल्ट एक-दोन मिलिमीटर उघडा राहिला, तर बोल्ट पुढे येताना कमी पडतोय. तिथे स्प्रिंग दमलेली असते किंवा चेंबरच्या तोंडाशी मेणाचं आणि काजळीचं कडं बसलेलं असतं. हा फरक न ओळखता "हलक्या राउंडसाठी स्प्रिंग मऊ करा" हा सल्ला अमलात आणला की दुसरं दुखणं मुद्दाम ओढवून घेतल्यासारखं होतं.

चेंबरचं कडं ओळखायला एक राउंड बोटाने चेंबरमध्ये सोडून बघता येतो, पण ते रेंजवरच, बॅरल टार्गेटकडे ठेवून. स्वच्छ चेंबरमध्ये तो स्वतःच्या वजनाने रिमपर्यंत, म्हणजे बुडाच्या कडेपर्यंत, बसतो. अंगठ्याने ढकलावा लागला तर पुन्हा ब्रश करा. या सीसीआयच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं आणि ते बऱ्यापैकी कडं धरतं. या मालातली मला खटकणारी मोठी गोष्ट हीच. शंभर-दीडशे राउंडनंतर ब्रश मारलेला बरा.

राउंड फुटला नाही तर बॅरल टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बाहेर काढा आणि रिमवरची खूण बघा. खूण खोल आणि नीट असेल तर दोष राउंडचा. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या कडेवर मार बसून फुटणाऱ्या राउंडमध्ये, प्राइमिंग (ठिणगी देणारा मसाला) कडेला सगळीकडे सारखं पसरलेलं नसणं हे नेहमीचं. खूण उथळ असेल तर फायरिंग पिनच्या भोकातला कचरा, किंवा बोल्ट पुरता बंद झालेला नसणं. आवाज फुसका आला आणि धक्का जाणवलाच नाही तर तिथेच थांबा. पिस्तूल रिकामं करा आणि बॅरलमध्ये रॉड घालून ती मोकळी आहे का ते पाहा. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असताना मागून दुसरी मारली तर बॅरल फुगते आणि त्यानंतर ती भंगारच.

ढिल्या मनगटाबद्दल थोडं. बोल्ट मागे जाताना फ्रेम स्थिर राहायला हवी. फ्रेमच हाताबरोबर मागे गेली तर बोल्टचा प्रवास तेवढा कमी पडतो. स्पोर्ट पिस्तूल या २५ मीटरच्या स्पर्धेच्या रॅपिड, म्हणजे झटपट नेमबाजीच्या, टप्प्यात टार्गेट ३ सेकंद समोर येतं, ७ सेकंद वळलेलं राहतं आणि दर वेळी हात ४५ अंशांवरून वर आणायचा असतो. शेवटच्या मालिकांत मनगट थकतो आणि नेमकं तेव्हाच अडकणं सुरू होतं. तेच पिस्तूल, तोच डबा दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याकडे अडकलं नाही तर हत्यार उघडायची गरज नाही. स्पर्धेत अडकलं तर बोल्टला हात न लावता मोकळा हात वर करायचा. स्वतःच उघडलं तर दाद मागायला जागा राहत नाही.

स्प्रिंगबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. वेटोळी कापू नका. वेटोळं कापलं की सुरुवातीचा ताण कमी होतो आणि उरलेली स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला जास्त कडक होते, म्हणजे बोल्ट बंद होताना कमजोर आणि मागे जाताना पुन्हा अडून बसणारा. नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या मापाची स्प्रिंग मिळते हे खरं, पण ती पिस्तुलात घालायला नाही. कंपनीची मूळ स्प्रिंग मागवा, जुनी नवीच्या शेजारी ठेवून लांबी बघा. ठळकपणे आखूड दिसली तर बदला. बसवण्याचं काम परवानाधारक आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये परवान्याशिवाय करता न येणाऱ्या गोष्टींत दुरुस्तीही आहे.

याच कलमामुळे हँडलोड, म्हणजे स्वतः दारू भरून राउंड बनवणं, मुंबईत घरच्या टेबलावर होत नाही. पण परदेशी नेमबाजांचे सल्ले वाचून आपले सेंटर फायरवाले (ज्यांच्या राउंडच्या बुडाच्या मध्यभागी पिन आदळते ते) गोंधळतात, म्हणून थोडं लिहितो. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर हा सेंटर फायरवाल्यांचा नेहमीचा राउंड. गोळी साधारण ९८ ते १०० ग्रेनची, चपटी, केसच्या (पुंगळीच्या) तोंडाशी सपाट बसवलेली. केसची लांबी २३.४ मिलिमीटर. हलका हँडलोड अडकतो त्याचं एक कारण वर सांगितलं तेच. दुसरं कारण म्हणजे केसमध्ये दारू थोडी असली की ती कुठे पडली आहे यावर वेग बदलतो. हात खालून वर आणला तर दारू गोळीकडे सरकलेली असते, आणि एरवी चालणारा राउंड त्या मालिकेत कमी पडतो. तिसरं, दाब कमी असला की पितळेची केस चेंबरला घट्ट चिकटत नाही, काजळी मागे येते आणि पुंगळी बाहेरून काळी निघते. शिवाय केसचं तोंड गोळी बसवताना फाकवलेलं असतं. ते नीट मिटवलं नाही तर राउंड चेंबरबाहेर अडतो आणि दोष मात्र दारूवर जातो. तिकडचे लोक या सगळ्यासाठी स्प्रिंग बदलतात, कारण त्यांचा राउंडच त्यांनी हलका केलेला असतो. फॅक्टरी राउंड वापरणाऱ्याने त्यांची मऊ स्प्रिंग उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखं.

मुंबईची म्हणून वेगळी काळजी आहेच. थंड प्रदेशात वंगण घट्ट झाल्याने राउंड अडकतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपला प्रश्न जून ते सप्टेंबरचा. समुद्राची खारी हवा आणि ओल यांमुळे पितळेवर काळपट-हिरवट डाग येतात, चेंबरमध्ये गंजाचे ठिपके पडले की पुंगळी ओढताना अडते आणि बाहेरून ते हलक्या राउंडसारखंच दिसतं. भीतीपोटी भरपूर तेल घालणारेही असतात. जास्तीचं तेल धूळ आणि काजळी धरतं, फायरिंग पिनच्या भोकात उतरतं. शिलाई मशीनचं तेल थेंबभर चालेल, खोबरेल कधीच नाही. डबे मूळ पुठ्ठ्यातच, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद पेटीत. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या डब्यात मेण मऊ होऊन गोळीवर धूळ बसते, शिवाय अम्युनिशन गाडीत सोडून जाणं हेच मुळात गैर.

आता अचूकतेचं. २५ मीटरवर प्रिसिजन (सावकाश, अचूक नेमबाजीच्या) टार्गेटची दहाची रिंग ५० मिलिमीटरची आणि रॅपिडची १०० मिलिमीटरची. रॅपिडला हा माल बेलाशक वापरावा. प्रिसिजनलाही चांगल्या बॅरलमधून दहाच्या आत राहतो, पण मधूनच एखादा राउंड गटाबाहेर जातो, आणि कोणता जाईल ते सांगता येत नाही. मोठ्या स्पर्धेसाठी एसके, एली किंवा लापुआचे पिस्तुलासाठीचे प्रकार तुमच्याच पिस्तुलात तपासून घ्या. तपासताना ब्रँड बदलल्यावर पहिले पंचवीसेक राउंड धरू नका, बॅरलमध्ये आधीचं वंगण असतं. आणि ज्या लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेला, माल नीट चालला त्याचा नंबर डब्यावरून वहीत उतरवून ठेवा. पुढच्या खरेदीच्या वेळी डीलरकडे आधी तोच लॉट मागा. नवा लॉट हाती आला तर पुन्हा एक राउंड, दोन राउंड, पाच राउंड.